प्रिय फौजी, सोबत चिक्की पाठवतेय

*ग्रुपमधला दोस्त फौजेत भरती होतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद. ई-मेल नाही, चॅट नाही, भेट नाही. पण पोस्ट चालू असतं! नगरच्या ट्रेनिंग सेंटरमधल्या मित्राला सात महिने पत्रं आणि पार्सलं पाठवताना जमा झालेल्या या काही गोष्टी.*

प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी नमुना असतोच. बाकीचे कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी करत असतात आणि हा पहाटे पाचला ग्राउंडवर पळत असतो. १६०० मीटरला किती सेकंद लागले, हे कुणी न विचारता सांगतो. बर्थडे पार्टीत सगळे पिझ्झ्यावर तुटून पडलेले असताना हा उकडलेली अंडी शोधतो. सगळे त्याची यथेच्छ खेचतात. आणि मग एक दिवस तो खरंच सिलेक्ट होतो, बॉस! स्टेशनवर हार, पेढे, शंभर फोटो. गाडी सुटते. दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला पाठवलेल्या मेसेजपुढे एकच टिक. आठवडाभर एकच टिक. महिनाभर एकच टिक.

आमचा नमुना मूळचा साताऱ्याकडचा. अग्निवीर म्हणून भरती झाला आणि २०२३ मध्ये ट्रेनिंगला नगरला गेला. नाव छापायचं नाही आणि कुठल्या सेंटरला होता तेही लिहायचं नाही, ही त्याची अट. म्हणून इथे तो नुसता 'फौजी'. पुण्यात खराडीच्या ऑफिसात बसून मी त्याला सात महिन्यांत बावीस पत्रं आणि चार पार्सलं पाठवली. गंमत बघा, खराडीहून नगर रोडने सरळ निघालं तर अडीच-तीन तासांत नगर. इतक्या जवळ असलेल्या माणसाला भेटता येत नाही, फोन करता येत नाही, हे पचायलाच पंधरा दिवस गेले. पोस्टाला मात्र तो बरोब्बर सापडायचा.

नगर म्हणजे रणगाडे

पुणेकरांना नगर म्हटलं की शिर्डीच्या वाटेवरचा चहाचा हॉल्ट आठवतो. फौजेत मात्र नगर म्हणजे रणगाडे. १९४८ मध्ये इथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभं राहिलं. १९७९ मध्ये मेकॅनाइज्ड इन्फंट्री ही नवी रेजिमेंट तयार झाली आणि तिचं सेंटरही नगरलाच आलं. म्हणजे रणगाडा चालवणारे आणि चिलखती गाडीतून लढणारे, दोघांचीही पहिली शाळा याच गावात. शहराजवळ के. के. रेंज हे सरावाचं मैदान आहे, आणि १९९४ पासून रणगाड्यांचं म्युझियमही. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी बोलताना बहुतेकांच्या तोंडी अजून नगरच येतं. माझ्याही.

तुमचा दोस्त नगरलाच असेल असं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, गार्ड्सचं कामठीला. नेव्हीवाला असेल तर त्याची सुरुवात थेट ओडिशातल्या आयएनएस चिल्काला. आणि 'दोस्त' म्हणजे मुलगाच असंही आता राहिलेलं नाही. खडकवासल्याच्या एनडीएमधून मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली बॅच बाहेर पडली. तेव्हा पुढचं सगळं मैत्रिणीलाही लागू आहे, बरं का!

फोन का नाही?

ट्रेनिंगच्या सुरुवातीला फोन जमा होतो. मग कधी रविवारी थोडा वेळ मिळतो, कधी तोही नाही. प्रत्येक सेंटरचे नियम वेगळे. मिळालेला वेळ आईसाठी असतो आणि तो तसाच असावा. आपण त्या दहा मिनिटांत घुसायचं नाही. ट्रेनिंग संपल्यावरही सोशल मीडियाचं काही खरं नसतं. जुलै २०२० मध्ये लष्कराने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ अ‍ॅप्स फोनवरून काढून टाकायला सांगितली होती. म्हणजे ज्या जागी आपली अख्खी मैत्री चालते, तीच जागा त्याच्यासाठी बंद.

उरतं काय? ५० पैशांचं पोस्टकार्ड, अडीच रुपयांचं अंतर्देशीय आणि पाच रुपयांचं पाकीट. एका कॅपुचिनोच्या पैशात अख्ख्या ट्रेनिंगभराची पत्रं होतात. पोस्टकार्ड वाटेत कुणीही वाचू शकतं, त्यामुळे त्यावर फक्त 'ऑल द बेस्ट' टाइप मजकूर. अंतर्देशीय पत्र मला सगळ्यात आवडतं. लिहायला जागा मोजकीच, त्यामुळे 'किती लिहू' हे टेन्शन नाही. फक्त त्यात फोटो-बिटो कोंबायचा नाही. अंतर्देशीयात काहीही घालायला परवानगी नसते. फोटो पाठवायचा तर पाकीट.

पत्ता चुकला, सगळं चुकलं

सेंटरमध्ये एका वेळी शेकडो पोरं असतात. त्यात तुमच्या दोस्ताच्या नावाचे चार जण सहज निघतात. त्यामुळे पत्ता त्याच्या घरून नीट मागून घ्या आणि या क्रमाने लिहा: नंबर मिळाला असेल तर नंबर, पूर्ण नाव, प्लॅटून, कंपनी किंवा स्क्वाड्रन, ट्रेनिंग बटालियन असेल तर तिचं नाव, सेंटरचं नाव, शहर आणि पिन कोड. पत्ता इंग्रजीत किंवा हिंदीत असलेला बरा. आत मराठीत काय हवं ते लिहा, पण डाक वाटणारा हवालदार तामिळनाडूचाही असू शकतो. शहराचं नाव जुनं लिहू की नवं, असा प्रश्न पडला तर दोन्ही लिहा. खरं काम पिन कोड करतो.

पिन कोडवरून एक इंटरेस्टिंग गोष्ट. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत एका मराठी माणसाच्या डोक्यातून आली, श्रीराम भिकाजी वेलणकर. पोस्टात मोठे अधिकारी आणि त्याच वेळी संस्कृतचे लेखक-कवी! महाराष्ट्राचे पिन ४ ने सुरू होतात. ९ हा आकडा फक्त फौजेसाठी राखून ठेवलेला आहे. तो कधी लागतो, ते शेवटी सांगते.

आता कुरिअर की पोस्ट? माझं मत विचाराल तर पोस्ट. कुरिअरवाल्याला बहुतेक छावण्यांत गेटवरच थांबावं लागतं. तो तिथून पत्त्यावरच्या मोबाइलवर फोन लावतो आणि मोबाइल तर कपाटात कुलूपबंद! पोस्टाची डाक मात्र ठरलेल्या वाटेने आत जाते. साधं पत्र पुण्याहून मला तीन ते पाच दिवस धरावं लागायचं. पार्सल नेहमी स्पीड पोस्टने पाठवायचे, म्हणजे ते कुठवर पोचलं ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बघता येतं. जुनं रजिस्टर्ड पोस्ट आता वेगळं राहिलेलं नाही, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टमध्येच सामील झालं. आणि पाकिटात नोटा अजिबात घालायच्या नाहीत. नियमात बसत नाही आणि त्याला त्यांची गरजही नसते.

ट्रंकेत मावेल तेवढंच

गिफ्ट घ्यायला मॉलमध्ये गेलात की पहिली चूक होणार, हे लिहून घ्या. तिथे दिसणाऱ्या गोष्टी आपल्यासारख्यांसाठी असतात. रंगरूटाची प्रॉपर्टी किती? एक पलंग, एक काळी ट्रंक आणि पलंगाखालची हातभर जागा. ट्रंक कधीही उघडून तपासली जाते. बरॅकमध्ये दोन्ही बाजूंना दोस्त लोक. त्यामुळे फंडा सिंपल आहे: जे वापरून संपतं, जे वाटता येतं किंवा जे वहीत मावतं, तेच पाठवायचं.

पहिलं पार्सल पाठवण्याआधी मी त्याच्या दादाकरवी विचारून घेतलं, काय हवं? उत्तर आलं: 'बूटपॉलिश, पांढरे रुमाल, पायाची पावडर.' बस्स. इतका अनरोमँटिक गिफ्ट लिस्टचा नमुना मी जन्मात पाहिला नव्हता. पण दिवसभर बुटात असलेल्या पायांना पावडरीचं मोल काय असतं, ते त्याच्या पुढच्या पत्रात कळलं. त्याच्या पलीकडच्या पलंगावरच्या बिहारी पोराने ती पावडर वापरून माझ्यासाठी दुवा पाठवली होती!

माझ्या अनुभवातून तयार झालेली यादी ही अशी:

*जरूर पाठवा:* सुती मोजे (सेंटरला चालणारा रंग विचारून), पांढरे रुमाल, बूटपॉलिश, पायाची पावडर, चिकटपट्ट्या, नेलकटर, सुई-दोरा-बटणं, साधी बॉलपेनं, छोटी वही, फोटोंचे प्रिंट आणि स्वतःचा पत्ता लिहिलेली कोरी अंतर्देशीय पत्रं.

*विचारून पाठवा:* खाऊ. परवानगी असेल तर कोरडा आणि टिकणारा: शेंगदाण्याची चिक्की, गूळपापडी, भाजक्या पोह्यांचा चिवडा, कोरडी लसणाची चटणी. नेहमी वाटण्यापुरता. चार लाडू पाठवले तर एकही त्याच्या तोंडात जाणार नाही. चाळीस पाठवले तर दोन जातील!

*अजिबात नको:* खव्याची मिठाई (दोन दिवसांत वास येतो), लोणच्याची काचेची बरणी, परफ्यूम-डिओ (स्प्रे आणि ज्वलनशील वस्तू पोस्टात चालत नाहीत), पॉवर बँक, स्मार्टवॉच, फिटनेस बँड, कसल्याही गोळ्या आणि प्रोटीन पावडरी.

यातली सगळ्यात हिट वस्तू कुठली सांगू? पत्ता लिहिलेली कोरी अंतर्देशीय. दिवसभर परेड, पीटी आणि वर उस्तादांचा रगडा झाल्यावर पत्ता लिहायचंही त्राण नसतं. माझा पत्ता तयार असल्यामुळे तो चार ओळी खरडून पेटीत टाकू शकायचा. मी दहा पाठवली होती. त्यातली सहा माझ्याकडे परत आली. उरलेली चार? शेजारच्या पोरांनी माझा पत्ता खोडून आपापल्या घरचा घातला, असं त्याने प्रामाणिकपणे कळवलं.

हो, आणि मुलींसाठी खास सूचना. पाकीट साधं ठेवा. गुलाबी रंग, हार्ट, ग्लिटर, लिपस्टिकचा ठसा यांतलं काहीही नको. डाक सगळ्यांसमोर नाव पुकारून वाटतात. माझ्या पहिल्या पाकिटावर फक्त वळणदार अक्षर होतं, तेवढ्यावरून फौजीला आठवडाभर 'भाभी का खत' ऐकावं लागलं. त्याने ठणकावून सांगितलं, 'दोस्त है.' कुणीही विश्वास ठेवला नाही. राखी पाठवणार असाल तर मात्र निर्धास्त पाठवा. ती पावसाळ्यात भिजू नये म्हणून पोस्टात खास वॉटरप्रूफ पाकिटं मिळतात. दहा-बारा दिवस आधी टाका, आणि एकीच्या जागी पाच घाला. बहिणीची राखी वेळेवर न पोचलेला कुणीतरी बरॅकमध्ये असतोच.

खडीसाखरेची गोष्ट

'त्याला काय हवं ते विचारा' ही काही माझी आयडिया नाही. १९१४ च्या नाताळात इंग्लंडच्या राजाची मुलगी, प्रिन्सेस मेरी, हिच्या नावाने आघाडीवरच्या सैनिकांना पितळी डबी भेट गेली. गोऱ्या सैनिकांच्या डबीत तंबाखू-सिगारेटी. पण तेव्हा फ्रान्सच्या चिखलात हिंदुस्थानी पलटणीही लढत होत्या. त्यांच्यासाठी डबीतला माल बदलला गेला. शिखांना तंबाखू चालत नाही, म्हणून त्यांना खडीसाखर आणि मसाल्यांची डबी. बाकीच्या बहुतेक हिंदी सैनिकांना सिगारेटींच्या जोडीला खडीसाखर आणि मसाले. एवढ्या धुमश्चक्रीत कुणीतरी बसून विचार केला होता, की या माणसाला नेमकं काय आवडेल! या शिपायांची घरी जाणारी पत्रं मात्र सेन्सॉर उघडून वाचायचे. आज तुमच्या दोस्ताला तुम्ही चिक्की पाठवता, ती त्याच खडीसाखरेची नातेवाईक.

पण लिहायचं काय?

वस्तूंचं जमतं. गाडी अडते ती पत्रावर. आपल्याला एसएमएसची सवय. कोऱ्या कागदासमोर बसलं की एकतर देशभक्तीपर निबंध सुरू होतो, नाहीतर 'तू कसा आहेस, मी बरी आहे' वर संपतो.

याचाही धडा नगरातच आहे. १९४२ च्या 'चले जाव' नंतर नेहरू, पटेल, मौलाना आझाद आणि काँग्रेसचे इतर मोठे नेते इथल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. नेहरूंनी इथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण आझादांनी इथे काय लिहिलं? पत्रं! हबीबुर रहमान खान शेरवानी या मित्राला. किल्ल्यातून ती बाहेर पाठवता येत नव्हती, तरी ते लिहीत राहिले. १९४६ मध्ये त्यांचं 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झालं. काँग्रेसचा अध्यक्ष तुरुंगातून मित्राला कशाबद्दल लिहितो? पहाटे स्वतः केलेल्या चहाबद्दल. खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांबद्दल!

मी तेच केलं. चहा आणि चिमण्या. ऑफिसच्या कँटीनमधला सांबार कसा पाणचट होत चाललाय. आमच्या टीम लीडने अप्रेझलमध्ये मारलेला डायलॉग. ग्रुपमधल्या कोणाचं जमलं, कोणाचं फिसकटलं. क्रिकेटचा स्कोअर तर हमखास, कारण २०२३ ला वर्ल्ड कप भारतातच होता. फौजी म्हणायचा, 'मोठं काही लिहू नकोस. इथे दिवसभर मोठंच ऐकतो. तू आपली सांबारचं लिही.'

काही गोष्टी मात्र टाळायच्या. 'बिचारा', 'कसं होत असेल रे तुझं', 'मी असते तर पळून आले असते' ही वाक्यं कटाप. तो तिथे स्वतःच्या मर्जीने गेलाय आणि रोज पहाटे परत एकदा ठरवून उठतोय. आपण त्याच्या पायात खोडा घालायचा नाही. आणि ट्रेनिंगमध्ये काय शिकवतात, कोण कुठे जाणार, असले प्रश्न विचारायचे नाहीत. तो सांगणार नाही, आणि सांगूही नये.

आणखी एक. पत्रावर नंबर घाला. १, २, ३… डाक कधी दोन आठवडे अडकते आणि मग तीन पत्रं एकदम पडतात. नंबर असला की ब्रेकअपची बातमी साखरपुड्याच्या आधी वाचायची वेळ येत नाही.

पत्र क्रमांक चौदा

आतापर्यंतचं सगळं हलकंफुलकं होतं. हे तसं नाही.

ट्रेनिंगच्या पाचव्या महिन्यात फौजीच्या वडिलांना हार्ट अ‍ॅटॅक आला. साताऱ्यात अ‍ॅडमिट केलं, अँजिओप्लास्टी झाली. घरच्यांनी ठरवलं, त्याला कळवायचं नाही. दादाचा मला फोन आला, "तू त्याला काही लिहू नकोस हं. पोरगं सगळं टाकून घरी येईल. एवढ्या मेहनतीचं मातेरं होईल."

मी म्हटलं, "दादा, आणि त्याला बाहेरून कळलं तर? गावातली दोन पोरं त्याच सेंटरला आहेत. त्यांच्या घरून जाईलच की बातमी."

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आईला विचारतो."

पूर्वी हे काम तार करायची. 'आई सीरियस, ताबडतोब ये' छापाच्या तारांनी फौजेतल्या किती जणांची झोप उडवली असेल! त्यातल्या काही खऱ्या असायच्या, काही सुट्टीसाठी घरून मागवलेल्या. २०१३ च्या जुलैमध्ये तार बंद झाली. पण प्रश्न तोच राहिला: लांब असलेल्या माणसाला घरचं वाईट कधी सांगायचं, आणि कुणी? आझादांची पत्नी १९४३ मध्ये कलकत्त्यात वारली, तेव्हाही ते नगरच्या किल्ल्यातच होते. त्यांना पर्याय नव्हता. आपल्याला असतो.

काकूंनी ठरवलं की सांगायचं. सांगितलंही त्यांनीच, रविवारच्या फोनवर. ते योग्यच होतं. अशी बातमी घरच्या आवाजातच जायला हवी, मित्राच्या पत्रातून नाही. फोन सात मिनिटं चालला, त्यातली चार मिनिटं दोघंही रडत होते. म्हणजे त्याला 'बाबांना अ‍ॅटॅक आला' एवढंच कळलं आणि लाइन संपली.

त्याच दिवशी मी साताऱ्याला गेले आणि रात्री पत्र लिहिलं. क्रमांक चौदा. त्यात धीर-बिर काही दिला नाही. फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं. काका कितव्या मजल्यावर आहेत. खिडकीतून काय दिसतं. रात्री दादा झोपतो, दिवसा काकू बसतात, डबा मावशीकडून येतो. डॉक्टर काय म्हणाले, शब्द न शब्द. काकांनी चहा मागितला आणि नर्सने दिला नाही, तेव्हा ते तिला काय म्हणाले. बिल किती झालं आणि कुठून भरलं. सोमवारी सकाळी स्पीड पोस्ट केलं, बुधवारी त्याच्या हातात.

प्लॅटूनच्या साहेबांनी त्याला दोन दिवस संध्याकाळी घरी फोन करू दिला होता. सुट्टी हवी का, असंही विचारलं होतं. मधेच मोठी सुट्टी घेतली तर मागच्या बॅचबरोबर परत ट्रेनिंग करावं लागण्याची शक्यता. तो थांबला. काकाच फोनवर ओरडले होते म्हणे, 'आता आलास तर घरात घेणार नाही.'

त्याचं उत्तर आलं ते माझ्याच पत्ता घातलेल्या अंतर्देशीयवर. तीन ओळी. त्यातली एक: 'तुझं पत्र वाचलं आणि झोपलो. आधीच्या तीन रात्री नव्हतो झोपलो.'

माणूस लांब असला की त्याला बातमीपेक्षा बातमीतल्या रिकाम्या जागा छळतात. त्या भरून पाठवणं, हे मित्राचं काम.

उत्तराची वाट बघू नका

माझ्या बावीस पत्रांना सहा उत्तरं आली. हा हिशेब आधीच मान्य करा, नाहीतर तिसऱ्या पत्रालाच तुम्ही रुसून बसाल. त्याला दिवसातून स्वतःची अशी अर्धा-पाऊण तासाची फुरसत, त्यात कपडे धुणं, बूट चमकवणं आणि झोप. तुम्ही मात्र ठरलेल्या दिवशी टाकत राहा. माझा दिवस होता शुक्रवार, लंच टाइम. ऑफिसपासून पोस्टाची पेटी सात मिनिटांवर.

शेवटच्या उत्तरात त्याने एक प्रश्न विचारला होता. अग्निवीरांची नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी हातात २१ हजार पगार, शेवटी सेवा निधीचे पावणेबारा लाखांच्या आसपास, आणि पुढे पर्मनंट होण्याची संधी २५ टक्क्यांपर्यंत लोकांना. 'नाही झालं सिलेक्शन तर मी काय करू गं? तू कंपनीत आहेस, तुला माहीत असेल.'

मला माहीत नव्हतं. तसंच लिहिलं. करिअर गायडन्सचं लेक्चर दिलं नाही. फक्त लिहिलं की त्याच्या ट्रेडमधल्या लोकांना बाहेर कुठली कामं मिळतात, त्याची माहिती मी गोळा करायला लागते. तू आधी परेड पूर्ण कर. ती फाइल माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि दर दोन-तीन महिन्यांनी एक कागद वाढतो.

आणि मग पत्ता बदलतो

ट्रेनिंगच्या शेवटी कसम परेड होते. घरच्यांना बोलावतात. काका आले होते, नवा शर्ट घालून. त्यांच्या छातीवर आई-वडिलांना मिळणारं गौरव पदक लागलं, तेव्हा आमचा नमुना कडक उभा होता आणि काका मात्र अजिबात नव्हते. त्या दिवशी मी काही गिफ्ट नेलं नाही. बाहेर आल्यावर त्याला नगरमध्येच झणझणीत मिसळ खायला घातली. तीन प्लेट हाणल्या पठ्ठ्याने.

त्यानंतर पोस्टिंग आलं आणि मगाशी म्हटलेला तो ९ ने सुरू होणारा पिन कोड माझ्या वहीत आला. आता पत्ता असा: नंबर, रँक, नाव, युनिट, पिन आणि 'केअर ऑफ ५६ एपीओ'. गावाचं नाव नाही, राज्याचं नाव नाही. १९७२ मध्येच स्वतंत्र कोअर झालेली आर्मी पोस्टल सर्व्हिस ही डाक पुढे नेते. ५६ एपीओ म्हणजे दिल्लीतून फुटणारी डाक, ९९ एपीओ म्हणजे कोलकात्यातून. तिथून पुढे ती बर्फात जाते की वाळवंटात, पाठवणाऱ्याला कळत नाही. पत्राला आता आठ-दहा दिवस धरावे लागतात.

फौजी सध्या नेमका कुठे आहे, हे मला ठाऊक नाही आणि मी विचारतही नाही. पोस्टाला ठाऊक आहे. मागच्या पार्सलची पोच आली तेव्हा त्यात एवढंच होतं: चिवडा पोचला, पोहे मऊ पडले होते, तव्यावर गरम करून खाल्ले, पुढच्या वेळी लसणाची चटणी जास्त घाल.

शुक्रवारी घालतेय.